सहावीच्या वर्गात बारा मुलांना वाचता येत नाही आणि वर्ग शांत बसत नाही. सुरुवात कुठून करावी?

खडूचा_डबा यांचा प्रश्न:

तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. सहावीचा पट ३६. रोज ३५ मिनिटांच्या आठ तासिका. प्रत्येक विषयाला शिक्षक वेगळा, त्यामुळे वर्ग कोणा एकाच्या हातात पूर्ण वेळ नसतो.

अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे छत्तीसपैकी साधारण बारा जणांना मराठीचा धडा वाचता येत नाही. फळ्यावरचे बघून सुंदर उतरवतात, अक्षर वळणदार, वह्या पूर्ण. पण उतरवलेले वाचून दाखव म्हटले की गप्प. यातल्या निम्म्यांच्या पाचवीच्या निकालपत्रकावर ब-१, ब-२ श्रेणी आहेत.

दुसरी अडचण शिस्तीची. तासिका बदलताना आरडाओरडा, मागच्या दोन बाकांवर सतत काहीतरी चालू, गृहपाठ दहाबारा जणांचाच, उलट उत्तरे. हातात छडी नाही याची तक्रार नाही, पण छडीच्या जागी नेमके काय करायचे हे कुठल्या प्रशिक्षणात धड सांगितले जात नाही. 'प्रेमाने समजावा' एवढेच ऐकायला मिळते.

शिक्षककक्षात रोज एकच चर्चा: दर्जा घसरला, पिढी बिघडली, मोबाईलने वाटोळे केले. त्यातून उद्या पहिल्या तासाला वर्गात जाऊन काय करायचे ते कळत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी सांगावे ही विनंती. कारणमीमांसा थोडी कमी चालेल.

---

बाराखडी यांचा प्रतिसाद:

तुमच्या दोन अडचणी बहुधा दीडच आहेत. मागच्या दोन बाकांवरची नावे आणि न वाचणाऱ्या बाराजणांची नावे शेजारी शेजारी लिहा. बरीच सारखी निघतील. ज्याला समोरचे पान वाचता येत नाही त्याने रोज पावणेपाच तास गप्प बसायचे, ही अपेक्षाच अवघड आहे.

तुमचा वर्ग जगावेगळाही नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत (ग्रामीण मुलांना किती वाचता येते, किती गणित येते हे ती तपासते) देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता.

आता काम. आधी मोजणी. 'साधारण बारा' हा आकडा चालणार नाही, प्रत्येक मूल नेमके कुठे अडते ते हवे. असरच्याच पद्धतीचा एक कागद तयार करा: सुटी अक्षरे दहा, सोपे शब्द दहा, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची आठदहा वाक्यांची गोष्ट. मजकूर पाठ्यपुस्तकातला घेऊ नका. सहावीपर्यंत आलेल्या मुलाचे धडे ऐकून ऐकून पाठ असतात, डोळे पानावर आणि तोंड आठवणीवर चालते.

मुलाला वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा ग्रंथालयात एकट्याला बोलवा. सुरुवात परिच्छेदापासून करा, अक्षरांपासून नको. परिच्छेद तीनपेक्षा जास्त चुका न करता, वाक्य म्हणून वाचला तर पुढे गोष्ट द्या. सुटे सुटे शब्द वाचत अडखळला तर मागे या आणि त्याच्याच आवडीचे पाच शब्द वाचायला सांगा. चार बरोबर आले तर तो 'शब्द' पातळीवर. नाही आले तर पाच अक्षरे, तोच निकष. माणशी तीनचार मिनिटे लागतात, ३६ मुले दोन दिवसांत होतात. कागद दोन वेगवेगळे ठेवा, कारण मधल्या सुट्टीत गोष्ट फुटतेच.

हे करताना फक्त पातळी लिहून थांबू नका, कुठे अडला ते लिहा. मराठीत अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत:

पहिली वेलांटी. लिहिताना ती अक्षराच्या आधी येते, उच्चारताना नंतर. त्यामुळे 'किती' पाशी मूल थबकते, काही जण वेलांटी सोडून 'कती' म्हणतात. रफार त्याहून वाईट. 'सूर्य' चे 'सूयर' होते, कारण डोळ्याला र दिसतो य च्या डोक्यावर. सारखी दिसणारी अक्षरे म्हणजे घ-ध, भ-म आणि ख. 'खडू' ला 'रवडू' म्हणणारे मूल मतिमंद नाही, त्याला ख ची दोन अंगे सुटी दिसतात एवढेच. आणि जोडाक्षरात आडवी मांडणी व उभी मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'पुस्तक' जमलेल्याला 'लठ्ठ' जमेलच असे नाही.

बाराखडी सगळ्यांना येते, पण गाणे म्हणून येते. तपासायचे असेल तर तक्त्यावर मधूनच बोट ठेवा: 'मु' विचारा, मग 'तो', मग 'बी'. मूल मनात म, मा, मि, मी म्हणत तिथवर पोहोचत असेल तर बाराखडी आलेली नाही. तक्ता आडवा वाचून झाला की उभा वाचून घ्या (का, खा, गा, घा), मग उड्या मारत. दहा मिनिटे रोज, दोन आठवडे. सहावीच्या मुलाला हे बालिश वाटते म्हणून शिक्षक टाळतात आणि तिथेच चुकते. बालिश वाटू नये म्हणून तक्त्यावरून शब्द बनवण्याची पैज लावा: चौकटीतली तीन घरे जोडून खरा शब्द, दोन मिनिटांत किती. मुले हौसेने खेळतात.

रोजचा तास असा बसवा. विषय देऊन गप्पा दहा मिनिटे (आठवडी बाजार, बैलपोळा, क्रिकेट, काहीही). वाचन पंधरा: आधी तुम्ही शब्दाखाली बोट फिरवत नेहमीच्या वेगाने वाचा, फार सावकाश नको, नाहीतर वाक्याची चाल हरवते. मग गटाने, मग दोघेदोघे, मग एकेकटे. तक्ता दहा. लेखन पंधरा: स्वतःच्या मनाची तीन वाक्ये. फळ्यावरून उतरवणे या तासात पूर्ण बंद, तुमच्या मुलांचे दुखणे तेच आहे. शेवटची पाच मिनिटे तुमच्या नोंदीला.

पस्तीस मिनिटांत हे बसत नाही, म्हणून मुख्याध्यापकांकडून पाचवी, सहावी, सातवीची एक जोडतासिका एकाच वेळी मागून घ्या. मग इयत्ता सोडून पातळीनुसार गट पाडता येतात: अक्षर-शब्दवाले एका खोलीत, परिच्छेदवाले दुसऱ्या, गोष्टवाले तिसऱ्या. सगळ्यात अनुभवी शिक्षक पहिल्या खोलीत. बहुतेक शाळा नेमके उलट करतात. गटांना फुलांची, नद्यांची नावे द्या. पण तिसऱ्या दिवशी मुले 'ढ चा गट' म्हणायला लागतातच. त्यावर उपाय एकच, गट हलता ठेवणे. दर दहा शाळेच्या दिवसांनी पुन्हा चाचणी आणि जो वर सरकला त्याला त्याच दिवशी वरच्या खोलीत पाठवणे. चाळीसपन्नास दिवसांत अक्षर पातळीवरचे बरेचजण परिच्छेदापर्यंत येतात, अट नियमित हजेरीची.

आणि ती हजेरीच घात करते. ज्यांना सर्वांत गरज ती मुलेच आठवड्यातून दोन दिवस गैरहजर असतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गेलेली मुले मार्च-एप्रिलात परततात. तुमचा भाग तो असेल तर ही चाळीस दिवसांची फेरी जुलै-ऑगस्टमध्येच संपवा. दिवाळीनंतर सुरू केलीत तर ज्यांच्यासाठी केली तेच नसतील.

---

जुना_फळा यांचा प्रतिसाद:

एवढे तक्ते आणि गट कशाला? आठवीपर्यंत ढकलपास केले, छडी काढून घेतली, तिथेच सगळे संपले. मुलांना नापास होण्याची भीती नाही, गुरुजींची नाही, घरी आईबापांची नाही. भीती परत आणा, वर्ग आपोआप बसेल.

---

तासिका_सात यांचा प्रतिसाद:

भीतीने वर्ग बसतो हे खरे. बसलेल्या वर्गाला वाचता येते असे नाही. छडीच्या काळात न वाचणारी मुले वर्गात दिसत नव्हती, कारण ती चौथीनंतर गुरे राखायला गेलेली असायची.

आता कायद्याचे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई, मोडल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. उठाबशा, अंगठे धरून उभे करणे, उन्हात उभे करणे, सगळ्यांसमोर घरच्या परिस्थितीवरून बोलणे, हे सगळे त्यात येते. 'फक्त घाबरवायला पट्टी उगारली' हा बचाव चौकशीत टिकत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून लागेल ते जादा शिकवावे आणि पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात असेही लिहिले आहे. मुख्याध्यापक जोडतासिकेला नाही म्हणाले तर बाराखडी यांच्या चाचणीचा तक्ता आणि हे कलम पुढे ठेवा.

शिस्तीला मी भाषणातून नाही, घड्याळातून सुरुवात करीन. तासिका बदलताना रोज किती मिनिटे जातात ते तीन दिवस मोजा. सहा मिनिटे धरली तर आठ तासिकांची ४८. वर्षाचे २२० दिवस धरून १७६ तास. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला १००० तास अध्यापन सांगितले आहे. त्यातले १७६ पुस्तक काढ, खडू कुठे, सर याने मारले, यात गेले. हा आकडा शिक्षकसभेत फळ्यावर लिहा, 'पिढी बिघडली' वाली चर्चा बरीच थंडावते.

ही मिनिटे परत मिळवायचा मार्ग असा:

शिक्षक आत येताच फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन मिनिटांचे काम लिहिलेले असावे. आधीच्या तासिकेचा शिक्षक जाताना पुढच्या विषयाचे नाव लिहून जातो, वर्गप्रमुख पुढच्या शिक्षकाने आदल्या दिवशी दिलेली चिठ्ठी बघून काम उतरवतो. तीन उदाहरणे, पाच शब्द, नकाशात दोन नद्या, इतके छोटे. हजेरी मुले काम करत असताना घ्यायची, नावे पुकारत नाही, बाक बघून. हे सहावीला शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांनी एकसारखे केले तरच चालते. एकाच शिक्षकाने केले तर मुले तेवढ्या तासिकेपुरती शहाणी होतात.

वर्गाचे नियम चारच, आणि सगळे डोळ्यांना दिसतील असे. 'मोठ्यांचा आदर करा' हा नियम नाही, तो सुविचार. 'दुसरा बोलत असताना हात वर' हा नियम. 'घंटेनंतर जागेवर' हा नियम.

मोडल्यास पायऱ्या ठरलेल्या, आणि रोज त्याच:

१. जवळ जाऊन उभे राहणे, शिकवणे चालूच. निम्मे प्रकार इथेच थांबतात. व्यासपीठावरून न उतरणाऱ्या शिक्षकाला ही पायरीच मिळत नाही.

२. हळू आवाजात नाव आणि काय करायचे ते: "सहावे उदाहरण, वही उघड." "काय चाललंय?" हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर येते आणि उत्तराला वर्ग हसतो.

३. जागा बदलणे, तेवढ्या तासिकेपुरती.

४. मधल्या सुट्टीची पहिली पाच मिनिटे वर्गात तुमच्याबरोबर, राहिलेले काम पूर्ण करायला. पूर्ण सुट्टी नको. पोषण आहाराची वेळ काढून घेतलीत तर नवीनच प्रकरण होईल.

५. आठवड्यात तीनदा चौथी पायरी आली की पालकांना फोन.

उलट उत्तराचे वेगळे. ते बहुतेकदा सगळ्यांसमोर विचारल्यामुळे येते. बारा वर्षांच्या मुलाला चाळीस डोळ्यांसमोर माघार घेता येत नाही. "तास संपल्यावर बोलू" म्हणून पुढे जा, पण तास संपल्यावर खरेच बोला. दोनदा विसरलात तर मुलांना कळते की हे नुसते वाक्य आहे.

न करायच्या गोष्टी: पैशांचा दंड, एकासाठी सगळ्या वर्गाला शिक्षा, शिक्षा म्हणून दहा वेळा धडा लिहिणे (लिहिणे म्हणजे शिक्षा हे त्याच्या डोक्यात पक्के बसते) आणि वर्गाबाहेर काढणे. बाहेर काढलेल्याला ते बक्षीसच वाटते आणि तो शाळेच्या आवाराबाहेर गेला तर जबाबदारी तुमची.

पालकांशी बोलताना पहिला फोन तक्रारीचा नको. जूनमध्येच प्रत्येक पालकाला एक चांगला निरोप गेलेला असावा. तक्रारीच्या वेळी वही समोर ठेवून एकच गोष्ट मागा. 'जरा लक्ष द्या' म्हणून काही होत नाही. रात्री साडेनऊनंतर मोबाईल आईच्या उशाशी, एवढेच मागितले तर घरोघर जमते. वाचता न येणाऱ्या पालकांनाही हे जमते, गृहपाठ घेणे जमत नाही. सभेची वेळ दुपारी तीन ठेवाल तर मजुरीवरचे पालक येणार नाहीत. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवा.

पहिले तीन आठवडे फरक दिसणार नाही, उलट दुसऱ्या आठवड्यात गोंधळ वाढेल. मुले बघत असतात की पायऱ्या खरेच पाळल्या जातात का. बहुतेक शाळा तिथेच सोडून देतात.

---

उत्तरपत्रिका यांचा प्रतिसाद:

ब-१ श्रेणी असून वाचता का येत नाही, याचे उत्तर मूल्यमापनाच्या रचनेत आहे. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पाचवी-सहावीला आकारिक (वर्षभरच्या कामाचे) ५० आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ५० असा भार. आकारिकमध्ये प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, गृहपाठ, तोंडी काम. कल्पना उत्तम होती: मुलाला रोज बघा, वर्षअखेरच्या एका पेपरवर तोलू नका. प्रत्यक्षात ३६ मुलांच्या आठ विषयांच्या वर्णनात्मक नोंदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकटाकी भरल्या जातात, 'सुंदर हस्ताक्षर, उपक्रमात सहभागी'. खडूचा_डबा यांनी वर्णन केलेल्या वळणदार वहीला आकारिकात पूर्ण गुण मिळतात. तिथेच श्रेणी ब कडे सरकली.

ती मोजपट्टी वापरायचीच असेल तर वाचन हे एक तंत्र म्हणून स्वतंत्र घ्या, न पाहिलेला परिच्छेद वाचणे, आणि त्याचे गुण इतर कशातून भरून काढू देऊ नका.

ढकलपासबद्दल: कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापासांना पुनर्परीक्षा आणि त्यातही नापास तर त्याच वर्गात, असा नियम आहे. तेव्हा 'आठवीपर्यंत कुणी नापास होतच नाही' हे जुना_फळा यांचे म्हणणे आता कागदावर तरी जुने झाले. वर्ग मात्र त्यामुळे सुधारला नाही, कारण परीक्षा सांगते की मूल अडले आहे, कुठे अडले ते सांगत नाही. त्याच वर्गात ठेवून तेच पुस्तक त्याच पद्धतीने पुन्हा शिकवले तर निकालही तोच येणार.

दहावीचे आकडे बघून दर्जा चढला-उतरला म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. मार्च २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, निकाल ९५.३०. एका वर्षात मुले बिघडली आणि दुसऱ्या वर्षी सुधारली असे कुणी म्हणेल का? वीस गुणांची पेटी शाळेच्या हातात आहे की मंडळाच्या, एवढाच फरक. (२०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५.)

---

खडूचा_डबा यांचा प्रतिसाद:

सर्वांचे आभार. यादी केली: मागच्या दोन बाकांवरचे आठ, त्यातले सहा न वाचणारे. बाराखडी यांचा अंदाज बरोबर निघाला.

गणिताचे कोणी सांगेल का? वजाबाकी हातच्याची आली की गोंधळ, भागाकार तर दहाबारा जणांनाच येतो. आणि अभ्यासक्रमात आता अपूर्णांक आहेत.

---

बाराखडी यांचा प्रतिसाद:

गणितातही आधी चूक वाचायची. ५२ वजा ३७ लिहून द्या. उत्तर २५ आले तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते आहे, सातातून दोन. त्याला हातचा समजावून उपयोग नाही, दशक म्हणजे काय हेच पोहोचलेले नाही. उत्तर १५ ऐवजी १४ किंवा १६ आले तर मात्र रीत कळलेली आहे, मोजताना चुकले. दोघांना एकच उपाय नको.

त्याच्याही आधी संख्या सांगून लिहून घ्या. 'त्रेसष्ट' म्हटल्यावर ३६ लिहिणारे दोनतीन निघतात. मराठीत एकक आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर, आणि बोबडी तिथे वळते. 'एकोणपन्नास' ला ५९ लिहिणे हाही ऐकून लिहिण्यातलाच गोंधळ, कानाला 'पन्नास' ऐकू येते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन दिले तेव्हा बरीच थट्टा झाली, पण या मुलांसाठी ते चांगले हत्यार आहे: 'साठ तीन' म्हणून लिहून घ्या, मग त्यालाच त्रेसष्ट म्हणतात हे जोडा.

साहित्य म्हणून कागदाच्या खोट्या नोटा पुरतात: शंभराच्या, दहाच्या आणि एकच्या, गटाला प्रत्येकी वीस. ५२ म्हणजे दहाच्या पाच, एकच्या दोन. ३७ द्यायचे आहेत, एकच्या सात नाहीत, तर दहाची एक मोडून आण. मूल स्वतः उठून 'बँकेत' जाऊन नोट मोडून आणते तेव्हा हातचा कळतो. चारपाच दिवस नोटांनी, मग नोटा आणि वही शेजारी शेजारी, मग फक्त वही. मधली पायरी सोडली तर नोटांनी येते आणि वहीत येत नाही, ही तक्रार हमखास.

भागाकारही नोटांनीच. ६१२ रुपये सहा जणांत. शंभराच्या सहा, प्रत्येकाला एक. दहाची एकच, सहा जणांत वाटता येत नाही, म्हणून दहाच्या नोटा प्रत्येकाला शून्य. इथे थांबा आणि ते शून्य वहीत लिहायला लावा. मग ती मोडून एकच्या बारा, प्रत्येकाला दोन. उत्तर १०२. वहीत १२ लिहिणाऱ्या मुलाला "सहा जणांना बारा बारा दिले तर ६१२ संपले का?" एवढेच विचारा. सुरुवात मात्र ६४८ भागिले ६ ने करू नका, त्यातही शून्य आहे. ८४ भागिले ४, मग ७५ भागिले ५, मग तीन अंकी बिनशून्याची, शून्याची शेवटी.

पाढे दहापर्यंत, आणि पाठांतराआधी जोडणी: दोनचा दुप्पट चारचा, चारचा दुप्पट आठचा, पाच आणि दोन मिळून सातचा. तीस पर्यंत पाढे पाठ करून घेण्याच्या नादात सातचा पाढा कच्चा राहिलेली मुले फार असतात. अपूर्णांकांचा धडा अडेल, अडू दे. छेद समान करायला लसावि लागतो, लसाविला पाढे. बारा-पंधरा दिवस पाढे आणि भागाकार पक्के करून मग अपूर्णांक शिकवलेत तर वेळ भरून निघतो. टाचणवहीत (पाठाच्या नियोजनाच्या वहीत) तशी नोंद ठेवा म्हणजे विस्तार अधिकारी तपासणीला आल्यावर अडचण येत नाही.

---

खडूचा_डबा यांचा प्रतिसाद:

मुख्याध्यापकांशी बोलणे झाले. जोडतासिका लगेच जमणार नाही म्हणतात, वेळापत्रक दिवाळीनंतर बदलेल. तोवर?

---

तासिका_सात यांचा प्रतिसाद:

परिपाठाची वीस मिनिटे मागा. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष पाच मिनिटांत आटोपून उरलेली पंधरा बाराजणांच्या वाचनाला, बाकीच्या चोवीसना ग्रंथालयाची पुस्तके वाटून मूक वाचन. पंधरा मिनिटांत बाराखडी यांचा पूर्ण तास बसत नाही. गप्पा काढा, वाचन दहा आणि तक्ता पाच ठेवा, लेखन मराठीच्या तासिकेत घ्या. चोवीसजणांवर लक्ष ठेवायला दुसरा शिक्षक नसेल तर त्यांना तुमच्याकडे तोंड करून बसवू नका, तोंड फळ्याकडे आणि तुम्ही बाराजणांना घेऊन खोलीच्या मागच्या भिंतीशी. मागचे दोन बाक तिथेच आहेत, हलवाहलवही कमी.